नाटकाच्या रात्रीचे जेवण

मोहनदास करमचंद गांधी १८८८ साली बॅरिस्टर होण्यासाठी लंडनला गेले, तेव्हा मांस, मदिरा आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याचे वचन त्यांनी आईला दिलेले होते. तेथील वास्तव्याच्या आरंभीच्या काळातील एका संध्याकाळची हकीकत त्यांनी आत्मकथेत सांगितली आहे. एका स्नेह्याने त्यांना नाटकाला नेण्याचे ठरवले. नाटकाआधी दोघांनी हॉबर्न रेस्तराँमध्ये जेवायचे, असा बेत होता. ते भोजनगृह राजवाड्यासारखे भव्य. भोवती शेकडो माणसे जेवत बसलेली. एवढ्या थाटात हा भिडस्त मुलगा काही विचारणार नाही, निमूटपणे पुढ्यात येईल ते खाईल, अशी स्नेह्याची अटकळ होती. पहिले सूप आले. ते कशाचे आहे हे स्नेह्याला विचारण्याचा धीर होईना, म्हणून गांधीजींनी वाढप्याला खुणावले. स्नेह्याने ते पाहिले, कारण विचारले, आणि उत्तर ऐकताच तो संतापला. सभ्य समाजात वावरण्यास तू लायक नाहीस, दुसरीकडे कोठेतरी जेव आणि बाहेर माझी वाट पाहा, अशा अर्थाचे त्याचे बोलणे होते. गांधीजी आनंदाने उठले. जवळच एक शाकाहारी उपाहारगृह होते. पण ते बंद झालेले होते. त्या रात्री ते उपाशीच राहिले आणि उपाशीपोटी नाटकाला गेले. घडलेल्या प्रकाराबद्दल दोघांपैकी कोणीही पुढे चकार शब्द काढला नाही.

चरित्रकारांना या प्रसंगात व्रतनिष्ठा दिसते आणि ती आहेच. परंतु नाटकाच्या इतिहासाचा अभ्यासक येथे थोडा वेळ थबकेल. नाटक पाहायचे तर आधी अशा एखाद्या झगमगत्या भोजनगृहात जाऊन बसायचे, हा क्रम त्या स्नेह्याला इतका स्वाभाविक कसा वाटला? हॉबर्न रेस्तराँ १८७४ साली सुरू झालेले, म्हणजे त्यावेळी त्याला पुरती पंधरा वर्षेही झालेली नव्हती. लंडनमध्ये मात्र त्याआधी तीनशे वर्षे नाटके होत आली होती आणि नाटक पाहणारी माणसे जेवतही होती. ती कोठे जेवत, केव्हा जेवत आणि कोणाच्या शेजारी बसून जेवत, याचा मागोवा घेतला म्हणजे प्रेक्षागृहात कोणाला जागा होती आणि कोणाला नव्हती, हेही आपोआप उलगडत जाते.

एलिझाबेथच्या काळात हा प्रश्न फारसा बिकट नव्हता. मुख्य जेवण दुपारी बारापूर्वी उरकलेले असे आणि नाटक दोनच्या सुमारास, उघड्या आकाशाखाली, सूर्यप्रकाशात होई. थॉमस प्लॅटर हा स्विस प्रवासी १५९९च्या सप्टेंबरात दुपारच्या जेवणानंतर नदीपलीकडे गेला आणि त्याने ज्यूलियस सीझरवरील नाटक पाहिले. खेळ चालू असताना खाण्यापिण्याचे पदार्थ प्रेक्षकांतून फिरवले जात आणि पैसे टाकून ते घेता येत, अशी नोंद त्याने केली आहे. नाट्यगृहाच्या अर्थकारणात या पदार्थांना किती महत्त्व होते, हे १५८७ सालच्या एका करारपत्रावरून कळते. रोझ नाट्यगृह बांधताना फिलिप हेन्स्लोने जॉन चोम्ली या किराणा व्यापाऱ्याला भागीदार म्हणून घेतले. चोम्लीने हप्त्याहप्त्याने ८१६ पौंड द्यायचे; त्याबदल्यात नफ्यातला अर्धा वाटा आणि नाट्यगृहाच्या आवारात खाद्यपेये विकण्याचा मक्ता त्याला मिळायचा. ज्या रंगमंचावर मार्लोची नाटके गाजली, त्याच्या पायात किराणा दुकानदाराचा पैसा होता. १९८९मध्ये रोझचे अवशेष उत्खननात सापडले, तेव्हा जमिनीत हेझलनटची टरफले मोठ्या प्रमाणावर मिळाली. प्रेक्षकांच्या खादाडपणाचा पुरावा म्हणून त्यांचा बराच बोलबाला झाला. परंतु त्यांतली पुष्कळशी टरफले जवळच्या साबणाच्या कारखान्यांतून जमीन धोपटण्यासाठी आणली असावीत, असे काही अभ्यासकांचे म्हणणे आहे. मोहक पुरावा जरा जपूनच वापरलेला बरा. बाटलीतली बिअर मात्र निर्विवाद होती. २९ जून १६१३ रोजी ग्लोब नाट्यगृह जळाले, त्यावेळी एका गृहस्थाच्या विजारीला लागलेली आग तिनेच विझवली, असे हेन्री वॉटनने पत्रात लिहिले आहे.

राजेशाहीच्या पुनःस्थापनेनंतर, १६६०पासून, नाटक छपराखाली आणि मेणबत्त्यांच्या उजेडात गेले, तरी वेळ दुपारी तीन-साडेतीनचीच राहिली. त्यामुळे जेवण आणि नाटक एकमेकांच्या अगदी जवळ आले आणि पहिल्यांदाच त्यांची टक्कर झाली. सॅम्युअल पेपिसच्या दैनंदिनीतील १८ मे १६६८ची नोंद या दृष्टीने मौजेची आहे. सर चार्ल्स सेडलीचे नवे नाटक त्या दिवशी लागणार होते. चांगली जागा मिळावी म्हणून पेपिस वेळेच्या बराच आधी जाऊन बसला. मग भूक लागली. तेव्हा एका मुलाला आपल्या जागेवर बसवून तो शेजारच्या रोझ टॅव्हर्नमध्ये गेला, सळईवर भाजलेल्या मेंढीच्या छातीचा अर्धा भाग एकट्यानेच खाल्ला आणि परत येऊन जागेवर बसला. नाटकाने त्याची निराशा केली. आत प्रेक्षागृहात संत्री विकण्याचा परवाना १६६३पासून मेरी मेग्ज हिच्याकडे होता. एकेका संत्र्याला सहा पेन्स पडत. तिच्या हाताखाली संत्री विकणारी नेल ग्विन पुढे त्याच रंगभूमीवर नटी म्हणून नावाजली. खाद्यविक्रीतून रंगमंचावर जाणारी वाट त्या काळी एवढी आखूड होती.

जेवणाहून अधिक महत्त्वाची ठरली ती नाटकानंतरची कॉफी. ड्रूरी लेन नाट्यगृहापासून हाकेच्या अंतरावर, रसेल स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, विल्स हे कॉफीगृह होते. हिवाळ्यात शेकोटीजवळ आणि उन्हाळ्यात सज्जात ड्रायडनची खुर्ची ठरलेली असे. १७००मध्ये तो वारला आणि बारा वर्षांनी ॲडिसनच्या आश्रयाने समोरच बटन्स उघडले. तरुण लेखकांचा घोळका तिकडे सरकला. नाटक संपल्यावर कोणत्या कॉफीगृहात शिरायचे, ही निवड पेयाच्या चवीवरून होत नसे. कोणाचे मत ऐकायचे आणि कोणाच्या पक्षात मोजले जायचे, हे त्या दारातून आत जातानाच ठरे. वृत्तपत्रांत नियमित नाट्यपरीक्षणे येऊ लागण्यापूर्वी नव्या नाटकाचा निकाल रात्री या टेबलांवर लागत असे. इंग्रजी नाट्यसमीक्षेचे पाळणाघर म्हणून कॉफीगृहांचा गौरव होतो. मात्र या पाळणाघरात गिऱ्हाईक म्हणून बायकांना प्रवेश नव्हता. अॅफ्रा बेनसारख्या लेखिकेची नाटके रंगभूमीवर होत होती, प्रेक्षागृहात स्त्रिया मोठ्या संख्येने बसत होत्या. पण नाटक संपल्यावर त्यांनी घरी जायचे. शेजारच्या रोझ टॅव्हर्नमध्ये ज्या स्त्रिया दिसत, त्यांची कल्पना होगार्थच्या १७३५च्या चित्रमालिकेतील तिसऱ्या चित्रावरून येते. त्यांच्याबरोबर बसणे कुलीन स्त्रीला शक्यच नव्हते.

अठराव्या शतकात एक संथ पण निर्णायक बदल घडला. मुख्य जेवणाची वेळ पुढे पुढे सरकू लागली. बाराचे दोन झाले, दोनाचे चार, आणि शतकाच्या अखेरीस प्रतिष्ठित घरांत पाच-सहा. नाटकही मागोमाग सरकत साडेसहापर्यंत आले. पण त्याला वरच्या वर्गाच्या जेवणाला गाठता येईना. त्यावर तोड म्हणून निम्म्या दराची पद्धत रूढ झाली: तिसरा अंक संपल्यावर येणाऱ्याने अर्धेच पैसे द्यावेत. उशिरा जेवणारा श्रीमंत आणि उशिरापर्यंत दुकानात राबणारा नोकर, दोघांचीही यात सोय होती. १७६३मध्ये गॅरिकने ही सवलत काढून घेण्याचा प्रयत्न करताच ड्रूरी लेनमध्ये दंगा उसळला आणि त्याला माघार घ्यावी लागली. नाट्यगृहाभोवतीची कॉफीगृहे तोवर मद्यालयेही बनली होती. २४ फेब्रुवारी १८०९च्या रात्री ड्रूरी लेन जळत असताना त्याचा मालक शेरिडन समोरच्या पियात्सा कॉफीगृहात दारूचा पेला घेऊन शांतपणे बसला होता आणि आपल्याच शेकोटीशी बसायला काय हरकत आहे, असे त्याने विचारले, अशी कथा सांगतात.

पिण्याने नाटकाचे रूपच ठरवले, असे म्हणावे असा एक कायदा १८४३मध्ये झाला. तोवर लंडनमध्ये गंभीर संवादप्रधान नाटके करण्याची सनद मोजक्याच नाट्यगृहांकडे होती. नव्या कायद्याने ती मक्तेदारी मोडली. पण सोबत एक पेच घातला. ज्या मद्यालयांनी आपल्या दालनात नाटके सुरू केली होती, त्यांनी निवड करायची. संवादप्रधान नाटक हवे असेल तर लॉर्ड चेंबरलेनचा परवाना घ्या, पण प्रेक्षागृहात दारू आणि धूम्रपान नाही. टेबलावर पेला हवा असेल तर गाणी, नकला आणि कसरती करा, नाटक नाही. पहिल्या वाटेने गेलेली नाट्यगृहे झाली. दुसऱ्या वाटेने गेलेल्यांतून म्युझिक हॉल जन्माला आले. चार्ल्स मॉर्टनने १८५२मध्ये लॅम्बेथला काढलेले कॅंटरबरी हे त्यांतले विशेष प्रसिद्ध. श्रमिक प्रेक्षकांचा मोठा भाग पेल्याबरोबर गेला. इंग्लंडमधील ‘उच्च’ आणि ‘लोकप्रिय’ रंगभूमीची फारकत आपण अभिरुचीच्या भाषेत समजावून घेतो. तिच्या मुळाशी हा परवान्याचा कागद होता, हे वाङ्मयेतिहासाच्या पुस्तकांत क्वचितच आढळते.

त्या मधल्या काळात नाटकानंतर खायचे तर कोव्हेंट गार्डनमधील एव्हन्ससारखी ‘सपर’ची दालने होती. चॉप, भाजलेले बटाटे, काळी बिअर आणि गाणी. गिऱ्हाईक पुरुष. एखादी स्त्री गाणी ऐकायला आलीच तर तिने वर सज्जात पडद्याआड बसावे.

आता हॉबर्न रेस्तराँचा उगम ध्यानात येईल. १८७०च्या आसपास नाटक आठच्या सुमारास सुरू होऊ लागले. उपनगरांतून आगगाडीने येणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबाला घरी जेवून येणे अवघड होते. त्याला गावात, पण सभ्य, उजळ आणि बायकांना नेता येईल अशी जागा हवी होती. १८६८मध्ये उघडलेल्या गेइटी नाट्यगृहाला लागूनच उपाहारगृह काढण्यात आले. स्पायर्स आणि पाँड या जोडीने तर पिकॅडिली चौकात एकाच इमारतीत दोन्ही गोष्टी साधल्या: १८७३मध्ये क्रायटेरियन रेस्तराँ आणि १८७४मध्ये त्याच्या पोटात, जमिनीखाली, नाट्यगृह, तेथे हवादेखील यंत्राने खेळवावी लागे. (हीच जोडी आधी ऑस्ट्रेलियात उपाहारगृहे चालवीत होती आणि १८६१-६२चा पहिला इंग्लिश क्रिकेट दौरा तिकडे तिनेच नेला. आपल्या वाचकांना कदाचित नाटकापेक्षा याचेच अप्रूप वाटेल.) हॉबर्नची वास्तू पूर्वी पोहण्याचा तलाव होती, मग नाचघर झाली आणि तिच्या जुन्या बदलौकिकावर संगमरवर व सोनेरी मुलामा चढवून भोजनगृह उघडले गेले. जेवताना वाद्यवृंद वाजे.

नाट्यगृहाच्या आतही घड्याळे दोन होती. मागच्या स्वस्त बाकांवरचे आणि वरच्या गॅलरीतले लोक लवकर येत. त्यांच्यासाठी आरंभी एक छोटी नाटिका होई. पुढच्या महागड्या खुर्च्यांवरची मंडळी तेव्हा जेवत असत आणि मुख्य नाटकाला सावकाश येत. १८८०मध्ये बॅन्क्रॉफ्ट दांपत्याने हेमार्केट नाट्यगृहातील स्वस्त बाके काढून तेथे महागड्या खुर्च्या मांडल्या, तेव्हा पहिल्याच रात्री आरडाओरड झाली. यावेळी मात्र, १७६३च्या उलट, व्यवस्थापनच जिंकले. जेवून सावकाश येणाऱ्यांचे पारडे जड झाले होते.

याची परिसीमा सॅव्हॉयमध्ये झाली. गिल्बर्ट आणि सलिव्हन यांच्या संगीतिकांवर पैसा मिळवलेल्या रिचर्ड डॉयली कार्टने १८८१मध्ये विजेच्या दिव्यांनी उजळलेले सॅव्हॉय नाट्यगृह बांधले आणि ६ ऑगस्ट १८८९ रोजी, म्हणजे गांधीजी लंडनमध्ये असतानाच, त्याच्या शेजारी सॅव्हॉय हॉटेल उघडले. नाटकाच्या उत्पन्नातून भोजनगृह उभे राहिले. चोम्लीचा व्यवहार उलटा फिरला. सेझर रिट्झ आणि त्याचा बल्लव एस्कोफिये यांनी तेथे नाटकानंतरच्या जेवणाला दरबारी रूप दिले. कुलीन स्त्रिया सार्वजनिक ठिकाणी उघडपणे जेवू लागल्या, याचे बरेचसे श्रेय रिट्झला दिले जाते. पण संध्याकाळचा विशिष्ट पोशाख सक्तीचा होता आणि सोबत पुरुष नसलेल्या स्त्रीला तेथे प्रवेश नव्हता. दार उघडले ते एवढेच.

निवड आता इतकी कठीण झाली की तिच्यावर पुस्तके निघू लागली. लेफ्टनंट कर्नल न्यूनम-डेव्हिस याने वर्तमानपत्रात लिहिलेले लेख १८९९मध्ये पुस्तकरूपाने आले. कोणत्या पाहुण्याला कोठे न्यावे, काय मागवावे, हे तो गोष्टीच्या ओघात सांगतो आणि शेवटी बिलही छापतो. ते बिल देणारा पुरुषच, हे त्याच्या दृष्टीने इतके उघड आहे की सांगण्याची गरजच नाही. कचेरीत टंकलेखन करून गॅलरीचे तिकीट काढणाऱ्या मुलीला या पुस्तकाचा काय उपयोग? तिच्यासाठी १८९४मध्ये पिकॅडिलीत लायन्स कंपनीचे पहिले चहागृह उघडले आणि १९०९मध्ये कोव्हेंट्री स्ट्रीटवर भलेमोठे कॉर्नर हाउस. चहा, पाव, अंडे. दर ठरलेले आणि एकटीने बसले तरी कोणी भुवया उंचावणार नाही. लंडनच्या रंगभूमीला विसाव्या शतकात जो बहुसंख्य स्त्री-प्रेक्षक लाभला, त्याचे ऋण सॅव्हॉयपेक्षा या चहागृहांकडे अधिक आहे, असे माझे मत आहे. कॉर्नर हाउस १९७७पर्यंत टिकली.

महायुद्धांनी पुन्हा घड्याळ हलवले. पहिल्या युद्धात मद्यविक्रीच्या वेळा आखडल्या गेल्या. दुपारी मद्यालये बंद ठेवण्याची त्यावेळची सक्ती १९८८पर्यंत सुटली नाही. दुसऱ्या युद्धात दिवाबंदीमुळे नाटके संध्याकाळी लवकर होऊ लागली आणि १९४२च्या हुकमाने भोजनगृहातल्या एका जेवणाला पाच शिलिंगांची मर्यादा घातली. काही काळ तरी दोन्ही घड्याळे एक झाली.

हे सारे वाचताना मराठी वाचकाच्या मनात आपल्या रंगभूमीचे चित्र आल्यावाचून राहत नाही. मुंबईत ग्रँट रोडचे नाट्यगृह १८४६मध्ये उघडले आणि १८५३मध्ये विष्णुदास भावे यांनी तेथे खेळ केले. पण नाट्यगृहाभोवती भोजनगृहांचे असे वर्तुळ आपल्याकडे वाढले नाही. १८८०मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांच्या शाकुंतलाने सुरू झालेली संगीत नाटके रात्री जेवणे उरकल्यावर सुरू होत आणि पहाटेपर्यंत चालत. नाटकानंतर खाण्याऐवजी सकाळचा चहा घ्यायचा. त्याहून मोठे कारण सोवळ्याओवळ्याचे. एका रांगेत बसून गाणे ऐकता येई. एका पंगतीत जेवता येत नसे. मद्याचे तर नावच नको. आमच्याकडे पेला प्रेक्षागृहाच्या दालनात आला नाही, तो १९१९मध्ये गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तून थेट रंगमंचावर आला आणि प्रेक्षकांना रडवून गेला. पुढे १९४९च्या दारूबंदी कायद्यानंतर मुंबईतला बारदेखील ‘परमिट रूम’ या नावाने ओळखला जाऊ लागला. नाटक पाहून तेथे सहकुटुंब जाण्याचा प्रश्नच नव्हता. नाटक तीन तासांवर आले, मध्यंतर आले, आणि त्या मध्यंतराने बटाटावडा आणला. उभ्याउभ्या, कागदात, शेजारी कोण उभा आहे हे न विचारता खाल्लेला तो वडा हा सामाजिक इतिहासाचा ऐवज आहे. त्याच्यावर कोणीतरी स्वतंत्रपणे लिहावे.

गांधीजींच्या पिढीतला हिंदुस्थानी विद्यार्थी या दोन जगांच्या मध्ये उभा होता. सहभोजनाचे बंधन तोडून तो लंडनला आला, तर तेथे दुसरे बंधन तयार: योग्य ठिकाणी, योग्य पोशाखात, पुढ्यात येईल ते न विचारता खाणे. त्या रात्री जवळचे शाकाहारी उपाहारगृह बंद का होते, याचाही तर्क करता येतो. लंडनची ही उपाहारगृहे मुख्यतः दिवसा, कचेऱ्यांतील कारकुनांच्या स्वस्त जेवणावर चालत. नाटकाच्या रात्रीशी त्यांचे नाते नसावे. रात्रीचे लंडन चॉप खाणाऱ्यांचे होते.

त्या प्रसंगानंतर, शाकाहाराची भरपाई सभ्यपणाने करून स्नेह्याची समजूत घालावी म्हणून गांधीजींनी बाँड स्ट्रीटवर दहा पौंड खर्चून संध्याकाळचा पोशाख शिवून घेतला, उंच टोपी घेतली, नृत्याचे धडे घेतले, व्हायोलिन विकत घेतले. हा नाद सुमारे तीन महिने टिकला. हॉबर्नच्या टेबलावरचे ते सूप मात्र तसेच राहिले. स्नेह्याने मध्येच अडवल्यामुळे प्रश्न वाढप्यापर्यंत पोचलाच नव्हता, आणि ते सूप कशाचे होते हे आत्मकथेतही कोठे आलेले नाही.